पखाल

पहाटे सव्वाचारला, प्वेब्लोत, ड्यूटीवर निघताना
गाडीखाली थारोळं दिसलं.
एसीचं पाणी असेल म्हटलं,
पण नोव्हेंबरात?
बोट बुडवलं. बुळबुळीत.
टॉर्चमध्ये गुलाबी, लग्नात पेल्यातून फिरायचं
त्या सरबताचं गुलाबी,
आणि वास गोड.

गाडी दोन हजार तीनची,
दोन लाख चौदा हजार मैल झालेली.
काल सिग्नलला उभी असताना हीटरनं गार हवा फेकली
तेव्हा मी म्हटलं, थकली बिचारी.
काटा मधोमध होता, शहाण्या मुलासारखा.
आता कळतंय, पाणी उतरलं की सेन्सर उघडा पडतो,
मग तो हवेचाच ताप सांगत बसतो.

मी डायलिसिसची टेक्निशियन.
कुठल्या नळीत बुडबुडा, कुठला जोड सैल,
मशीनच्या आवाजावरून सांगते.
शिफ्ट लॅव्हर्नच्या गळ्यात घातली
आणि गाडीच्या पोटाखाली पुठ्ठा सरकवला.

रेडिएटर कोरडा.
पंपाच्या खालचं भोक कोरडं.
ऑइलची काडी काढताना हात थरथरला,
पण दुधाळ साय नव्हती. देव पावला.
पुठ्ठ्यावर थेंब मागच्या बाजूला, उजवीकडे.
थेंब पडतो तिथं गळत नसतं,
हे तर मी रोज पेशंटच्या पोरांना समजावते.

एवढ्यात शेजारणीचा बोका आला,
थारोळ्याशी नाक नेलं.
मी ओरडले. तो हलेना.
गोड लागतं त्याला,
आणि ते गोड मूत्रपिंडं खातं.

एर्लिंडा ट्रुहियोशी मी दोन वर्षं बोलले नव्हते.
कुंपणावरून. सहा इंच, तिच्या मते आठ.
काखेत बोका धरून बेल वाजवली.
तिनं बोका आत टाकला, दार लावून घेतलं.
आभार नाहीत, काही नाही.
दार पुन्हा उघडलं तेव्हा गाऊनवर जाकीट
आणि हातात पंप, त्याला घड्याळासारखा गेज.
'एकवीस वर्षं रेडिएटरच्या दुकानात होते,
तू कधी विचारलंस?'

तिनं पंप मारला. पंधरा.
काटा चौदावर आला. तेरा. अकरा.
'गप्प राहा,' ती म्हणाली, मी काही बोलत नव्हते तरी.
इंजिनच्या पाठीमागे, अगदी भिंतीशी,
कुणीतरी दातांतून श्वास सोडत होतं.

शीर सापडत नाही तेव्हा मी डोळे मिटते.
तसेच मिटले, हात घातला कोपरापर्यंत.
रबरी नळी, चिमटा, नळी,
मग प्लॅस्टिकचा एक टी,
हीटरकडे जाणाऱ्या पाण्याचा तिठा.
जरा दाबला तर जुन्या बांगडीसारखा
तुकडा बोटांतच आला,
आणि बाहीभर थंडगार सरबत.

एवढ्याशासाठी मी मनात पंप बदलला होता,
इंजिन उतरवलं होतं,
गाडी भंगारात घालून हप्तेही ठरवले होते.

आई म्हणायची, आजार म्हशीला नि औषध पखालीला.
एर्लिंडाला सांगायला गेले,
तर पखालीतच पाच मिनिटं गेली:
कातड्याची पिशवी, पाण्याची,
म्हशीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना.
तिनं तुकडा टॉर्चसमोर धरला.
'पण इथं तर पखालच आजारी होती,' म्हणाली.
'दोन टी आण. दुसराही ह्याच्याच वयाचा आहे.'

दुकान साडेसातला उघडतं.
तोवर तिनं बोक्याच्या पेटीतली नवी वाळू आणून
थारोळ्यावर ओतली, पायानं पसरली,
तिच्या बाजूला, माझ्या बाजूला.
कुंपणाचा विषय निघाला नाही.
उन्हाळ्यात निघेल.